पांढऱ्या दगडाच्या अलीकडून

हत्तीला पदक कळत नाही, त्याला धान कळतं. पूस महिन्याच्या थंडीत कळप आला तेव्हा आमच्या घराची मागची भिंत त्यांनी कपाळानं ढकलून पाडली आणि पेंढ्याच्या दोरखंडानं वळून ठेवलेला धानाचा मोरा अंगणात ओढून फोडला. वर्षाचं खाणं त्यात होतं. त्याच भिंतीवर माझ्या नणंदेची पदकं खिळ्याला टांगलेली होती, विळ्याच्या आणि सुपाच्या शेजारी. सकाळी माझा नवरा पौलुस ढिगाऱ्यातून एकेक वस्तू उपसत होता. विळा निघाला, पदकं निघाली, त्यातलं एक जरा चेपलेलं. धान मात्र पसाभरही निघालं नाही.

छप्पर वाचलं तेवढं नशीब. मधला वासा लटकला होता, त्याला आम्ही सालवृक्षाच्या दोन ओंडक्यांचा टेकू दिला आणि उघड्या बाजूला ताडपत्री बांधली. माझ्या सासूला आम्ही सगळेच आयो म्हणतो. तिची खाट त्या भिंतीला लागून असायची. ती आम्ही चुलीजवळ ओढली, तरी वारा तिला हुडकून काढायचाच. तिला खोकला लागला तो थांबेना.

अशा घरात सेरो आली. पेपरात तिचं नाव सेरोफिना कुल्लू असं छापून येतं. भारताच्या हॉकी संघाची फॉरवर्ड, गाव जामबेडा. घरात ती सेरो. कॅम्पमधून सुट्टी काढून ती वडापच्या जीपनं आली, पाठीवर स्टिकांची पिशवी. पडलेली भिंत तिनं पाहिली. पदकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. आयोच्या खाटेवर बसली आणि आयोचे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली.

"किती दिवस आहेस?" पौलुसनं विचारलं.

"पंधरवडा. मग निवड आहे. उन्हाळ्यात विश्वचषक."

"यंदा घेतील?"

"घेतील," ती म्हणाली. तिचा आवाज मला जरा जास्तच ठाम वाटला.

मी या घरात आले तीच सेरोमुळे. मिशनच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो आणि एका संघात होतो. मी हाफ, ती फॉरवर्ड. म्हणजे चेंडू मी अडवायचा, पुढं मी द्यायचा आणि गोल तिनं मारायचा. टाळ्या कुणाला मिळायच्या ते सांगायला नको. पुढं तिला मोठ्या कॅम्पचं बोलावणं आलं आणि मला तिच्या भावाचं मागणं आलं. दोघी आपापल्या वाटेनं गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. असलीच तर पौलुसबद्दल आहे, आणि ती वेगळी गोष्ट.

ती जग फिरली. जर्मनी झालं, जपान झालं, ऑस्ट्रेलिया तर तीनदा. येताना हॉटेलातल्या साबणाच्या इवल्या वड्या आणि शाम्पूच्या बाटल्या आणायची. त्या बाटल्यांत आयो भोपळ्याचं बी ठेवते. रेल्वेत नोकरी लागली. पहिल्या वर्षी बुटांनी तिच्या टाचा सोलून निघाल्या होत्या, आणि आता तिला अंगणात अनवाणी चालायला लावलं तर खडा टोचायचा. अकरा वर्षं ती देशासाठी पुढं पळत होती. गावात आम्ही सगळे गावचे मुखिया निर्दोष प्रधान यांच्या घरी टीव्हीसमोर बसून तिला शोधायचो. इवलीशी दिसायची, पण पळण्यावरून ओळखू यायची.

दोन वर्षांपूर्वीचा उपांत्य सामनाही आम्ही तिथंच बघितला. तिच्या साथीदारणीनं डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोल रेषेच्या, बाहेरून जोरात मारलं. चेंडू सेरोच्या पायाजवळून गेला आणि गोलात शिरला. आम्ही नाचायला उठलो. पण डीच्या बाहेरून मारलेल्या चेंडूला आत आपल्यापैकी कुणाची स्टिक लागली नाही तर तो गोल नाही, हे आमच्याकडं शेळ्या राखणारी पोरगीही सांगेल. वरच्या कॅमेऱ्यात बघून पंचांनी गोल रद्द केला. सेरोला वाटलं होतं, वाटेत कुणाची तरी स्टिक लागलीय. तिनं नुसती स्टिक टेकवली असती तरी काम झालं असतं. सामना हरले. कोच सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "उभं राहून बघायचं असेल तर तिकीट काढून बघ." तेव्हापासून ती संघात कधी असायची, कधी नसायची. यंदा नाही तर मग नाहीच, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

भिंत बांधायची तर आधी कच्च्या विटा हव्यात. पौलुसनं मागं खड्डा खणला, लाल माती टाकली, चिरलेला पेंढा टाकला, पाणी सोडलं. गारा पायांनी तुडवायचा असतो. मी लुगडं खोचतेय तोवर सेरो खड्ड्यात उतरलीही.

पहिली काही पावलं तिनं मजेत टाकली. मग चिखल घट्ट झाला. घट्ट गाऱ्यातून पाय ओढून काढताना गुडघ्याला पीळ बसतो. ती थांबली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. दोन्ही हातांनी स्वतःची उजवी मांडी धरून तिनं तो पाय वर ओढला, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय होता.

विहिरीवर पाय धुताना मी तिची विजार वर सरकवली. गुडघा चांगलाच फुगला होता.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"कॅम्पला ठाऊक आहे?"

"ठाऊक असतं तर पंधरवड्यासाठी कशाला, कायमचंच घरी पाठवलं असतं." ती गुडघ्यावर पाणी ओतत राहिली. "बाहेरच्या एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं. आतली दोरी अर्धी तुटलीय म्हणाला. सरळ पळायला चालेल. पाय रोवून वळायचं नाही, झेप घ्यायची नाही. सांभाळलं तर उन्हाळा निघून जाईल."

"आणि उरलेली तुटली तर?"

"तर चिरफाड. मग वर्षभर घरी. तोवर मी तिशी ओलांडेन, भौजी. अठरा-अठरा वर्षांच्या पोरी रांगेत उभ्या आहेत." तिनं विजार खाली ओढली. "दादाला सांगू नकोस. आयोला तर नाहीच."

पुढचा गारा मी एकटीनं तुडवला. ती साच्यात विटा पाडत बसली. पौलुस म्हणाला, "आली आणि दुसऱ्या दिवशीच दमली का गं?" ती हसली आणि साचा उचलला.

आमच्याकडं धान घरात आलं की खस्सीचे सामने लागतात. जिंकणाऱ्या गावाला खच्ची केलेला बोकड, हरणाऱ्याला कोंबडे. बोकड त्याच संध्याकाळी कापतात, घरटी वाटा जातो, आणि मुंडी जाते जिनं जिंकायचा गोल मारला तिच्या घरी. लग्न झालेली बाई सासरच्या गावाकडून खेळते, त्यामुळं मी जामबेड्याची. आणि यंदा बायकांचा अंतिम सामना होता केंदपानीशी, म्हणजे माझ्या माहेराशी.

निर्दोष प्रधान आले ते सेरोकडेच. खाटेवर बसले, पाणी प्याले, आयोची चौकशी केली. मग म्हणाले, "पोरी, रविवारी मिस्सा झाली की सामना आहे. तू पुढं उभी राहा."

"काका, कॅम्पची परवानगी नसते."

"कॅम्प कुठं येतोय इथं बघायला?"

"नियम आहे."

"नियम," प्रधान म्हणाले. "तुझी पहिली स्टिक आठवते? माझ्या बेटातल्या बांबूचं मूळ उकरून तुझ्या बापानं केलेली. तेव्हा तू परवानगी मागितली नव्हतीस. मीही विचारलं नव्हतं कोण घेऊन गेलं म्हणून."

सेरो मान खाली घालून नखातली माती काढत होती. प्रधान उठले. जाताना ताडपत्री वर करून आत डोकावले.

"वासा कधी उचलताय?"

"शुक्रवारी मदइत बोलावतोय काका," पौलुस घाईनं म्हणाला. "विटा वाळतायत. सगळ्यांनी यायचं."

"बघू. पोरी सरावात आहेत, पोरं मैदान झाडतायत. बघू."

मदइत म्हणजे ज्याचं काम त्यानं भात आणि हंडिया, तांदळाची घरगुती दारू, द्यायची, गावानं खांदा द्यायचा. मजुरी नाही. आपल्या घरचा वासा आज गावानं उचलला, उद्या आपण त्यांच्या बांधावर जायचं. कोण आलं आणि कोण नाही हे कुणी लिहून ठेवत नाही, पण ते विसरतही कुणी नाही. विटा आम्ही पाडल्या असत्या, रचल्याही असत्या. वासा उचलून छप्पर सावरायला मात्र गावाचेच खांदे लागतात.

घरात धान नव्हतं. मी माहेरी जाऊन दोन टोपल्या तांदूळ आणला. माझी आई देताना म्हणाली, "नेतेस तर ने, पण रविवारी आमच्या पोरींच्या नडग्या फोडू नकोस." शुक्रवारी पहाटेच मोठं पातेलं चढवलं. हंडियाचे दोन घडे गाळून ठेवले. पौलुसनं कुदळी, पाट्या, दोर सगळं अंगणात मांडलं. पुरुषांना दातवणं तोडून ठेवली, पत्रावळी लावल्या.

ऊन अंगणात आलं, मग ओट्यावर आलं, मग चुलीपर्यंत आलं. भातावर साय धरली. आल्या दोन म्हाताऱ्या. एक आयोची मैत्रीण मगदली, आणि दुसरी तिला धरून आणणारी तिची जाऊ. मगदली आयोपाशी बसली आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "गावाच्या कामाला जी उभी राहत नाही, तिच्या कामाला गाव कसं उभं राहील, बाई? मी आले ती तुझ्यासाठी."

पौलुसनं मांडलेल्या कुदळी एकेक करून उचलल्या आणि कोपऱ्यात फेकल्या.

"ऐकलंस?" तो सेरोला म्हणाला. "तुझ्या बुटांना आपल्या गावची माती लागेल म्हणून आयोनं थंडीत मरायचं का?"

सेरो पत्रावळी गोळा करायला लागली.

"परदेशात फुकट पळतेस का तू? पैसे घेऊन पळतेस. इथं घरासाठी एक दिवस पळायला काय होतंय तुला?"

माझ्या ओठावर आलं होतं. सेरोनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते गिळलं. आयो आतून खोकत होती. खोकून झाल्यावर ती म्हणाली, "भात झाकून ठेवा गं, कुत्री येतील." तो भात आम्ही दोन दिवस खाल्ला, मग तो आंबला आणि डुकरांना घातला. माहेरचा तांदूळ डुकराच्या तोंडी घालताना मला फार वाईट वाटलं.

त्याच दुपारी आम्ही दोघी वाळलेल्या विटा रचत होतो. सेरो म्हणाली, "खेळते मी."

"वेड लागलंय का तुला?"

"पळणार नाही. डीत जाऊन बुजगावण्यासारखी उभी राहते. नाव ऐकूनच त्यांच्या दोघी-तिघी मला चिकटतील. तुला वाट मोकळी. तू आत ये आणि मार."

"आणि चेंडू तुझ्याकडं आला तर?"

"येणार कसा? देणारी तूच. तू देऊ नकोस."

माझी सगळी हॉकी हिला चेंडू देण्यात गेली, आणि आता ही न देण्याचं वचन मागत होती. मी दिलं. पौलुसनं प्रधानांना निरोप नेला. संध्याकाळी प्रधानांच्या घरून आयोसाठी मध आणि अडुळशाचा पाला आला. एवढं आमचं गाव लगेच विरघळतं.

रविवारी सकाळी चुलीतली राख नेऊन मीच डी आखली. आमचं मैदान म्हणजे उंचावरचं माळरान, लाल, खडबडीत. डीच्या बरोबर टोकाला एक पांढरा दगड पुरलेला आहे, जमिनीवर चार बोटं वर आलेला. आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा. राख पुसली तरी दगड राहतो, म्हणून पुरलाय. गावातल्या प्रत्येक पोरीची बोटं त्यानं एकदा तरी फोडली आहेत.

दोन्ही गावं लोटली होती. झाडाला बोकड बांधला होता, काळा, कपाळावर पांढरा टिळा. पंच होते आमच्या शाळेचे अगापित मास्तर, गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर कानटोपी. आम्ही सगळ्या अनवाणी. सेरो एकटी बुटात. गुडघा तिनं विजारीच्या आत घट्ट आवळून बांधला होता.

"बूट घालून आलीय, बाईसाहेब," केंदपानीच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं. माझीच चुलतबहीण ती, आवाज ओळखला. मग मला म्हणाली, "जसमनी, परवाचा तांदूळ पचला का गं?"

"डुकरांना पचला," मी म्हटलं.

सेरो म्हणाली तसंच झालं. ती डीत जाऊन उभी राहिली आणि तिघी तिला चिकटल्या. एकीनं तर तिची विजार धरून ठेवली होती. मला मधली वाट मोकळी मिळाली, पण मी काही सेरो नव्हे. पहिल्या डावात दोनदा आत शिरले. एकदा चेंडू गोलरक्षक बाईच्या पायाला लागला, एकदा खांबाशेजारून गेला. लोक ओरडायला लागले.

"सेरोला दे, सेरोला!"

मी दिला नाही. ती स्टिक टेकून उभी होती, रिकामी, आणि मी तिच्या समोरून चेंडू दुसरीकडं वळवत होते. प्रधान बाजूनं चालत माझ्या रेषेत आले. "जसमनी, समोर देशाची फॉरवर्ड उभी आहे, तिला चेंडू दाखवशील का नाही?" त्यांच्या मागून एक बाई म्हणाली, "नणंदेवर जळते ती. पहिल्यापासूनच." माझे कान तापले. तरी दिला नाही.

दुसऱ्या डावात ऊन उतरलं आणि धूळ वाढली. एवढे पाय घासले की राख कुठं गेली कळेना. मास्तर दमून मैदानाच्या मध्यावरूनच शिट्ट्या मारत होते. शेवट जवळ आला होता आणि अजून कुणाचाच गोल झाला नव्हता. माझ्या चुलतबहिणीनं चेंडू लांब सोडला, मी तो हिसकावला आणि सुटले. समोर कुणी नव्हतं. धुळीतून गोलाचे दोन बांबू दिसले तशी मी सगळ्या अंगाचा जोर लावून मारलं.

चेंडू सरपटत गेला. गोलरक्षक बाई भलतीकडं पडली होती. दूरचा कोपरा सताड उघडा, चेंडू त्याच वाटेनं. मी धावत्या वेगातच स्टिक वर केली. दोन पावलांवर माझा अंगठा कशाला तरी आपटला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तरीही मी बघत होते. चेंडू जाणारच होता.

तेवढ्यात सेरो हलली. इतका वेळ बुजगावणं झालेली बाई तिघींच्या मधून सुटली, उजवा पाय रोवून आडवी झेपावली, आणि जमिनीला टेकवलेल्या तिच्या स्टिकच्या टोकाला चेंडू निसटता लागून आत गेला. शिट्टी वाजली. मांदर ढोल वाजायला लागला. लोक बोकडाकडं पळाले. सेरो पडली तिथंच पडून होती. ती ओरडली नाही. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडात माती होती आणि पाय भलत्याच कोनात राहिला होता.

तिला खाटेवर घालून घरी आणलं. पौलुसला तेव्हा सगळं कळलं. तो अंगणातच बसून राहिला, कितीतरी वेळ आत आला नाही.

दिवस मावळताना प्रधानांची बायको सालाच्या पानांत मुंडी घेऊन आली. सोबत चार बाया.

"घे बाई, तुझी मुंडी," ती हसत म्हणाली. "चेंडू जातच होता, पण नाव तुझं लागलं."

"भौजीचा गोल नणंदेनं खाल्ला," दुसरी म्हणाली.

"मोठ्या खेळाडूंना सवयच असते गं. तयार ताटावर बसायची."

सगळ्या हसल्या. त्यांच्या मनात पाप नव्हतं. गुडघ्याला मोहाचं तेल लाव, आठवड्यात पळायला लागेल, असंही सांगून गेल्या. खोटं कशाला बोलू, राग मलाही आला होता. गोलाचा नाही, झेपेचा. त्या बाया गेल्यावर मी गरम पाण्यानं माझा अंगठा धुवायला बसले. नख मुळापासून उचकटलं होतं.

"मी वचन पाळलं," मी म्हटलं. "गावाचे बोल खाल्ले पण एक चेंडू तुला दिला नाही. तो सरळ आत जात होता. कशाला मेलीस मग?"

सेरो छपराकडं बघत पडली होती. "पायाला काय लागलं तुझ्या?"

"दगड."

"कधी?"

"मारल्यावर. दोन पावलं पुढं गेले आणि..." मी बोलायची थांबले.

"दगडाच्या अलीकडून मारलास तू," ती म्हणाली. "मी तिकडं तोंड करूनच उभी होते. मला दगड दिसत होता, भौजी. बाहेरचा चेंडू होता. कुणीतरी स्टिक लावायलाच हवी होती." जरा थांबून म्हणाली, "एकदा सोडला होता. परत सोडायला अंग तयारच झालं नाही. मी ठरवलं नाही गं काही. अंगच गेलं."

मी अंगठ्याला चिंधी बांधली. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. मुंडी आम्ही शिजवली, आयोला रस दिला. सेरोनं तोंडात घातली नाही.

सोमवारी सकाळी सगळं गाव आलं. न बोलावता आलं. येताना भातासाठी तांदूळसुद्धा घेऊन आलं, कारण आमच्या घरात काही नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी न आलेली माणसं जास्तच जोरानं राबत होती. बायकांनी विटा हातोहात पोचवल्या, पुरुषांनी वाशाखाली खांदे घातले आणि एका हुंकारात तो वर उचलला. टेकूचे ओंडके खाली पडले. कौलं परत चढली. दुपारपर्यंत भिंत छातीएवढी झाली, ऊन कलेपर्यंत छपराला भिडली. आयो अंगणात पाट घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कमरेत वाकून जोहार करत होती. तिच्या डोळ्यांना पाणी होतं.

सेरोची खाट भिंतीजवळच टाकली होती. पाय पोत्यावर ठेवलेला. जाता-येता जो तो तिला टोचून जात होता. प्रेमानंच.

"काय गं, मुंडी गोड लागली का?"

"जसमनीचं ताट पळवलंस, आता तिची भिंत तरी बघ."

मला ते सहन होईना. मी गाऱ्याची पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पळवलं नाही तिनं. मी दगडाच्या अलीकडून मारलं होतं. हा बघा अंगठा. ती आडवी पडली नसती तर गोलच नव्हता. खस्सी आपल्याला मिळालीच नसती."

हात थांबले. प्रधानांनी मास्तरांकडं बघितलं. अगापित मास्तर कानटोपी काढून, कोपरापर्यंत गाऱ्यात हात घालून वीट बसवत होते.

"काय मास्तर? बाहेरून होता?"

"असेल," मास्तर म्हणाले. त्यांनी वीट थापटली, डोळा बारीक करून ओळंबा बघितला. "राख तर पहिल्या डावातच पुसली होती. मी होतो पार मागं, धुळीत. मला ना दगड दिसला, ना तिची स्टिक लागलेली दिसली. चेंडू आत गेला, शिट्टी मारली."

"म्हणजे स्टिक लागली नसती तरी?" मी विचारलं.

"तरी दिला असता. खस्सीचा खेळ आहे बाई, इथं कोण कॅमेरा लावून बसलंय?"

दोघं-तिघं हसले. मग कुणालातरी सेरोचा पाय दिसला असावा. हसणं तिथंच विरलं. मला तिच्याकडं मान वळवायचा धीर होईना. मास्तरांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पुढची वीट मागितली आणि ती कुणीतरी त्यांना दिली.

"भौजी," सेरो म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "पाटी इकडं सरकव. गारा वाळतोय."

मी पाटी खाटेपाशी नेली. तिनं मूठभर गारा घेतला आणि बसल्या जागेवरून भिंतीला लिंपायला लागली. अकरा वर्षांत तिनं भिंत लिंपली नव्हती, पण हात विसरला नव्हता. तळवा अर्धगोल फिरवत ती खालून वर येत होती. बाया आपापल्या कामाला लागल्या. कुणी तिला टोचलं नाही त्यानंतर.

दिवस कलला तेव्हा घरात फोन वाजला. पौलुस तो घेऊन बाहेर आला, हातात निखारा धरल्यासारखा. "कॅम्पवरून आहे."

सेरोनं आपले हात बघितले. दोन्ही कोपरापर्यंत लाल चिखलात होते.

"भौजी, तूच सांग."

मी पदराला हात पुसले आणि फोन घेतला. तिकडून एक पुरुष हिंदीत म्हणाला की निवडीची तारीख अलीकडे आली आहे, सेरोफिनाला गुरुवारीच हजर व्हायला सांगा. मी म्हटलं, ती येणार नाही. त्यानं विचारलं, कधी येणार? मी म्हटलं, गुडघा गेला तिचा, आता नाही येणार. मग त्यानं विचारलं, कुठल्या सामन्यात गेला, कोण बोलतंय तुम्ही?

"मी तिची हाफ," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

फोन ठेवून आले तर बाया पाटे-पाट्या धुवून निघायच्या तयारीत होत्या. आयोची खाट पौलुसनं परत भिंतीजवळ लावली होती. बसल्या जागेवरून सेरोचा हात जिथवर पोचला तिथवर तिनं भिंत लिंपली होती, गुळगुळीत, एकही फट न ठेवता. अंधार पडायच्या आत त्याच्या वरची भिंत मी लिंपली.